खारे पाणी गाळणाऱ्या पटलाची कुळकथा

कार्बनच्या नॅनोनलिका आणि जैवबहुवारिक, म्हणजे सजीवांच्या शरीरात घडणारा लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, यांच्या मेळातून तयार होणारे निर्क्षारीकरणाचे पटल अगदी अलीकडचे असले, तरी त्याचा मूळ पूर्वज प्राणिज आहे. 1748 मध्ये फ्रान्सच्या झां-आंत्वान नोले यांनी मद्यार्काच्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या त्वचेने बांधून ते पाण्यात ठेवले, तेव्हा पाणी आत शिरून ती त्वचा फुगली. विरल द्रावणातून संहत द्रावणाकडे पाण्याच्या अशा जाण्याला परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब, समुद्राच्या पाण्यासाठी सुमारे 27 बारहून अधिक, दिल्यास हा प्रवाह उलटतो.

मीठ अडवू शकणारे पटल फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांना 1950 च्या दशकात कापूस-लाकडातील सेल्युलोजपासून बनणाऱ्या सेल्युलोज ॲसिटेटमध्ये गवसले, पण त्यातून पाणी फारच मंद झिरपत असे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांना 1960 च्या सुमारास आढळले, की तेच पटल एका बाजूने बसवले तर मीठ अडते आणि उलटे बसवले तर अडत नाही. दोन्ही बाजूंची घडण वेगळी असते, हे या क्षुल्लक वाटणाऱ्या विसंगतीतून त्यांनी ओळखले आणि वर अतिशय पातळ घट्ट थर व खाली सच्छिद्र आधार असे पटल मुद्दाम घडवले. या कुळातील खरे वळण हेच होय. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील कोआलिंगा गावाला अशा पटलांनी गाळलेले पाणी मिळू लागले. आजच्या घरगुती आरओ (उलट परासरण) यंत्रात सेल्युलोजची जागा पॉलिअमाइडने घेतली असली, तरी सच्छिद्र आधारावरील पातळ थराचे तत्त्व तेच आहे.

नव्या पटलाचा दुसरा घटक असलेल्या नॅनोनलिकांकडे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे, सुमिओ इजिमा यांच्या 1991 च्या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. पाण्याचे रेणू अशा अरुंद नळीतून एकामागून एक झपाट्याने सरकतात, असे गेरहार्ड हमर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये संगणकीय प्रतिरूपणातून दाखवले, तर 2006 मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने 2 नॅनोमीटरहून अरुंद नळ्यांतून नेहमीच्या गणिताच्या कितीतरी पट प्रवाह मोजला. मात्र पाण्याच्या रेणूंनी वेढलेला सोडियमचा आयन सुमारे 0.7 नॅनोमीटर रुंद असल्याने एवढ्या नळीतून तो सहज जाऊ शकतो, शिवाय मोठ्या पटलावर सर्व नळ्या उभ्या रचणेही अवघड असते. म्हणून संशोधक नळ्या सेल्युलोज ॲसिटेटमध्ये किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये मिसळतात. मीठ अडवण्याचे काम मुख्यतः बहुवारिकाकडे राहते आणि नळ्यांकडून बळकटी व जलद वाट यांची अपेक्षा असते. नळ्यांना गुच्छ करण्याची खोड असल्याने त्यांवर आम्लप्रक्रियेने कार्बॉक्सिल गट जोडतात, जे कायटोसानच्या अमाइन गटांशी बांधले जातात. हा जोड कच्चा राहिला, तर नळ्यांच्या कडेच्या फटींतून मीठ पलीकडे जाते.