पिंपामागचा चोर

"मी पिंपामागे लपतो," असं म्हणून चोराचा खेळाडू फासा टाकतो. वीस बाजूंच्या फाशावर 18 पडतात. टेबलाभोवती आरडाओरडा होतो. तेवढ्यात डंजन मास्टर शांतपणे म्हणतो, "पण गॉब्लिननं तुला पिंपामागे जाताना पाहिलंय." झालं! लढाई जागच्या जागी थांबते, सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात आणि नियमाचं पान शोधणं सुरू होतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, चार-पाच मित्र एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर होतो आणि गोष्टीतलं उरलेलं सगळं जग सांभाळतो: तळघर, मशाल, पिंप आणि गॉब्लिनसुद्धा. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही हे बऱ्याचदा फासे ठरवतात.

तलवारीचा घाव लागला की नाही यावर सहसा भांडण होत नाही. लपण्यावर होतं, आणि गेली पन्नास वर्षं होत आलंय. जवळपास प्रत्येक मोठ्या आवृत्तीत हा नियम नव्यानं लिहावा लागला. असं का झालं हे समजून घ्यायला दोनशे वर्षं मागं, थेट प्रशियात जावं लागतं.

1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं आपल्या वडिलांच्या युद्धखेळाला नवं रूप दिलं. खेळाचं नाव 'क्रीगस्पील'. मोठा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे आणि नुकसान ठरवायला फासे. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत. समोरच्याला खरोखर दिसल्या असत्या, तेवढ्याच तुकड्या पंच नकाशावर मांडत असे. टेकडीआडची पलटण नकाशावर नसायचीच. ती फक्त पंचाला माहीत असायची.

लपण्याचा प्रश्न इथे सरळ सुटला होता. गुपित सांभाळायला तिसरा माणूस होता आणि कोण जिंकतं, कोण हरतं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पुढे या खेळात नियम आणि तक्ते एवढे वाढले, की 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्यानं ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत मांडली. पुस्तक मोठं की पंच, हा वाद इतका जुना आहे.

आता अमेरिकेत येऊ. 1969 मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली यानं 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात खेळाडूंना पलटणीऐवजी एकेक माणूस चालवायला दिला होता. तो खेळलेल्यांपैकी डेव्ह आर्नेसन यानं पुढे स्वतःचं 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग उभं केलं, आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्यातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' घडवला. 1974 मध्ये तो तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात बाजारात आला.

या वाटचालीत एक मोठा बदल झाला. सगळे खेळाडू एकाच बाजूला गेले. मग समोरच्या बाजूचे गॉब्लिन कुणी चालवायचे? पंचानंच. म्हणजे चोर कुठे दडलाय हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्यानंच चोराला शोधणाऱ्याचं डोकं चालवायचं. लपाछपीत ज्याच्यावर राज्य आहे त्यालाच आपली जागा सांगून ठेवायची आणि वर म्हणायचं, "आता तुला माहीत नाही असं समज!" तसाच हा प्रकार. पिंपामागच्या भांडणाचं मूळ इथे आहे. पुढचा प्रत्येक नियम म्हणजे या दुहेरी भूमिकेतल्या माणसाला मदत करायचा, किंवा त्याचे हात बांधायचा प्रयत्न आहे.

गंमत म्हणजे 1974 च्या खेळात चोर नव्हताच. योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच वर्ग होते. दबकत जायचं असेल तर कुणीही तसं सांगायचं आणि पंच निकाल द्यायचा. दोन गट अचानक समोरासमोर आले तर सहा बाजूंच्या फाशावर 1 किंवा 2 पडल्यास तो गट बेसावध सापडला असं धरत. चोराची कल्पना कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंकडून गायगॅक्सपर्यंत पोचली आणि 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतून खेळात आली. सोबत टक्केवारी आली: सावलीत लपणं इतके टक्के, आवाज न करता चालणं इतके टक्के.

1978 च्या 'प्लेअर्स हँडबुक'मधले आकडे बघा. वंश आणि चपळाईमुळे होणारे फेरफार सोडले, तर पहिल्या पातळीच्या चोराला लपण्याची शक्यता 10 टक्के आणि निःशब्द चालण्याची 15 टक्के. दोन्ही एकदम साधायचं तर शंभरात जेमतेम एक-दोनदा. मागून वार साधला तर इजा दुप्पट, म्हणजे आपल्या भाषेत सणसणीत धप्पा. पण तिथपर्यंत पोचायचं कसं?

त्याहून मोठा पेच वेगळाच होता. चोराला 10 टक्के, तर योद्ध्याला किती? चोराच्या तक्त्यात त्याचं उत्तर नव्हतं. अनेकांनी त्याचा अर्थ 'शून्य' असा लावला. कालपर्यंत जे कुणीही करून बघू शकत होतं, त्याच्या सातबाऱ्यावर एकट्या चोराचं नाव चढलं. नियम एखाद्याला काही देतो तेव्हा इतरांकडून न बोलता काढूनही घेतो, हे इथे दिसतं. याच ओळींचा दुसरा अर्थही लावता येतो. पिंपाआड कुणीही लपू शकतो. चोराचं वैशिष्ट्य हे, की पिंप नसलं तरी तो नुसत्या सावलीत नाहीसा होऊ शकतो. तसं वाचलं तर 10 टक्के ही वरची देणगी ठरते. शब्द तेच, पण एका वाचनात चोर दुबळा आणि दुसऱ्यात अद्भुत.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीनं सांगितलं, की कुणी बघत असताना लपता येत नाही आणि फासा डंजन मास्टरनं गुपचूप टाकायचा. आपण लपलो आहोत असंच चोराला वाटत राहतं. खऱ्या आयुष्यात तसंच असतं. पडद्याआडून पाय दिसताहेत हे लपणाऱ्याला कुठे माहीत असतं? पण यात सगळा भार एका माणसाच्या सचोटीवर आला.

2000 च्या तिसऱ्या आवृत्तीनं तो भार फाशांवर टाकला. लपणं आणि निःशब्द चालणं ही कुणालाही शिकता येणारी कौशल्यं झाली. समोरच्यानं बघण्याचा आणि ऐकण्याचा फासा टाकायचा. सातबारा खुला झाला, पण गणित आडवं आलं. समजा, सहा पहारेकरी आहेत आणि प्रत्येकाला चोर दिसण्याची शक्यता चारात एक आहे. सहाही जणांना चुकवण्याची शक्यता मग 18 टक्क्यांच्या आसपास उरते. पहारेकरी वाढले की फासेही वाढतात, आणि एखादा तरी डोळा उघडतोच.

याच आवृत्तीत पाठीत वार करण्याचं जुनं नावही गेलं. नव्या नियमात बाहुलीचं तोंड कुठे आहे हे मोजायचंच नव्हतं. सगळे चहूबाजूंनी बघतात असं धरायचं. पाठच नाही तर पाठीत वार कसला? मग चोराचा साथीदार शत्रूच्या पलीकडे उभा असला तरी ती जादा इजा मिळू लागली. न लपताही धप्पा!

2008 मध्ये चौथी आवृत्ती आली. पहारेकऱ्यानं दर वेळी फासा टाकण्याऐवजी त्याच्या सावधपणाचा एक ठरलेला आकडा धरायचा, ही सोय त्यात होती. पण छापील नियमात लपायला साधा आडोसा पुरत होता. काही आठवड्यांतच दुरुस्ती आली आणि लपण्यासाठी जवळजवळ पूर्ण आडोसा हवा असं ठरलं.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत म्हटलं होतं, की जो तुम्हाला बघू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही. मग पानांआडून अर्धवट दिसणाऱ्याचं काय? पुढच्या दुरुस्तीत 'बघू शकतो' याचं 'स्पष्ट बघू शकतो' झालं आणि एक वाक्य वाढलं: लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही, हे डंजन मास्टर ठरवेल. चाळीस वर्षांच्या तक्त्यांनंतर गाडी पुन्हा पंचापाशी आली.

2024 मध्ये पुन्हा पुस्तकाची बाजू घेतली गेली. निदान पाऊणभर आडोसा किंवा दाट अंधार हवा, शत्रूच्या नजरेबाहेर असायला हवं आणि फाशाची बेरीज किमान 15 हवी. जमलं की तुम्ही 'अदृश्य'. वार केला, कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला किंवा शत्रूनं शोधून काढलं, की ते संपतं. लगेच प्रश्न आला: असा 'अदृश्य' चोर पिंपामागून निघून उजेडात गॉब्लिनसमोरून चालत गेला तर? तो आपोआप दिसतो की गॉब्लिननं मुद्दाम शोधावं लागतं? 'शोधून काढलं' या दोन शब्दांचा अर्थ परत टेबलावरच लावावा लागतो.

हे लेखकांचं अपयश नाही. तलवारीचा घाव दोन शरीरांमधला मामला आहे, तो आकड्यात बसतो. लपणं म्हणजे दुसऱ्याला काय माहीत नाही याचा हिशेब. तो ठेवायला सगळं माहीत असूनही ते न वापरणारा माणूस लागतो. प्रशियात तो पंच तटस्थ होता. आपल्या टेबलावर त्याच्याच हातात गॉब्लिन आहेत. म्हणून नियम कितीही नेमका लिहिला, तरी भांडण शेवटी त्या मित्रावरच्या विश्वासाचं असतं.

यावर एक साधी कसोटी वापरता येते. उद्या गॉब्लिन पिंपामागे गेला आणि शोधणारे आपण असलो, तर हाच निकाल लागेल का? उत्तर 'हो' असेल तर निकाल मान्य करून खेळ पुढे न्यावा. 'नाही' असेल तर चोरासाठीही तो बदलावा.

आणि त्या 18 चं काय? डंजन मास्टरनं पाहिलंय म्हणाल्यावर पुस्तक उघडण्याआधी विचारून बघा, "गॉब्लिन आत्ता कुठे बघतोय?" तो योद्ध्याच्या तलवारीकडे बघत असेल, तर पिंपामागचा चोर त्याच्या ध्यानातून कधीच गेलेला असू शकतो.