सूत्र कोणाचें?

दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून सुविद्य घरांतून परिचित आहेत; गणिती कोसंबी मात्र बहुतेकांस ठाऊक नाहींत. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेल्या या पंडितानें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत असतां १९४३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. वेडीवांकडी, यदृच्छेनें चढउतरणारी रेषा म्हणजे कांहीं मूळ आकारांची कमीअधिक प्रमाणांतील बेरीज होय, असा त्याचा आशय. फिनलंडचे कारहुनेन व फ्रान्सचे लोएव्ह मागाहून तेथेंच पोंचले. सूत्रास नांव मात्र त्या दोघांचें पडलें!

१९८७ सालीं अमेरिकेंत सिरोविच व कर्बी यांनीं हीच रीत मानवी चेहऱ्यांस लाविली. अनेक चेहऱ्यांची सरासरी काढून तींत मोजके मूळ आकार मिळविले कीं हवा तो चेहरा बराचसा उमटतो. मग थोड्या संख्यांवरून यंत्रही तो ओळखूं लागतें. अलीकडे कांहीं ग्रंथकार सूत्राच्या नांवांत कोसंबींस अग्रस्थान देतात.