मुंबईच्या नावाचा रक्तगट

मैत्रिणींनो, चेंबूरमध्ये कुणाला रक्त लागलं की आपण गट विचारतो : ए, बी, एबी की ओ? १९५२ साली आपल्याच मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना या चारांत न बसणारं रक्त सापडलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. जग त्याला ‘बॉम्बे’ गट म्हणू लागलं.

ए किंवा बीची खूण तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाच्या पायावर चढते. एचचं एक जनुक आईकडून येतं, एक वडिलांकडून. दोन्ही निकामी निघाली तर पायाच नाही. नात्यातल्या लग्नांत, मामेबहिणीशी म्हणा, ही शक्यता वाढते. असं रक्त साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतं; पण त्या माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं.

बायकांच्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट पुढे आहे. अशा बाईत बीचं जनुक लपलेलं असू शकतं. नवरा ओ, बायको कागदावर ओ आणि बाळ मात्र बी! घरात कुजबूज सुरू. खरं म्हणजे नवऱ्याकडून धड एच मिळालं, म्हणून आईचंच बी बाळात उघड झालं. तिला जाब विचारण्याआधी रक्तपेढीत तिच्या रक्ताची एचसाठी तपासणी करून घ्यावी.