ब्रिटिश नभोवाणीचा दिवस (१९४५–५७)

ब्रिटिश नभोवाणीचा दिवस : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तपात ब्रिटनमध्ये घरोघरी ऐकला जाणारा बीबीसीचा सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचा दैनंदिन कार्यक्रम. देशांतर्गत ध्वनिक्षेपणाचा अधिकार एकट्या बीबीसीकडे होता. जाहिराती नव्हत्या, खर्च परवाना शुल्कातून भागे. १९२२ पासून वर्षाला दहा शिलिंग असलेले हे शुल्क १९४६ मध्ये एक पौंड झाले.

श्रोत्याला तीन सेवा मिळत. महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झालेली ‘होम सर्व्हिस’ बातम्या, भाषणे, नाटके आणि शालेय पाठ देई. स्कॉटलंड, वेल्स व इंग्लंडचे निरनिराळे विभाग तीत आपापली भर घालत. २९ जुलै १९४५ रोजी आलेला ‘लाइट प्रोग्रॅम’ करमणुकीचा होता. २९ सप्टेंबर १९४६ पासूनचा ‘थर्ड प्रोग्रॅम’ फक्त संध्याकाळी लागे. अभिजात संगीत, कविता, विद्वानांची व्याख्याने असा त्याचा थाट असे. महासंचालक विल्यम हेली यांच्या मनात या तीन सेवा म्हणजे एका मनोऱ्याच्या तीन पायऱ्या होत्या : लाइटपासून सुरुवात करणारा श्रोता हळूहळू थर्डपर्यंत चढेल, अशी त्यांची आशा होती. ती फारशी फळली नाही. थर्डचा श्रोतृवर्ग अखेरपर्यंत अगदी छोटा राहिला. या व्यवस्थेचे खरे यश वेगळे होते, आणि ते मनोऱ्याहून मोलाचे मानायला हवे : लोकांच्या कामाचे घड्याळ ओळखून तिने दिवसाची मांडणी केली.

सकाळी होम सर्व्हिसवर बातम्या, हवामान व छोटे धार्मिक चिंतन असे. सव्वादहाला ‘डेली सर्व्हिस’ ही प्रार्थना, आणि नंतर वर्गावर्गांतून ऐकले जाणारे शालेय कार्यक्रम. लाइटवर नऊनंतर ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’मध्ये गृहिणींनी पत्राने कळवलेल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका वाजत. त्यापाठोपाठ साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू होई, आणि दुपारी पुन्हा. जून १९४० मध्ये शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील उत्पादन वाढावे म्हणून सुरू झालेला हा कार्यक्रम शांततेच्या काळातही चालू राहिला. त्याचे नियम कारखान्याच्या आवाजाला धरून ठरलेले होते. सुरावट ठळक हवी, लय एकसारखी हवी, यंत्रांच्या खडखडाटात हरवणारे हळुवार तुकडे नकोत. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे गाणे त्यातून वगळले होते, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारे यंत्रांवर आपटतील अशी भीती होती. जेवणाच्या सुट्टीतला ‘वर्कर्स प्लेटाइम’ तर कारखान्यांच्या उपाहारगृहांतूनच होई. गायक आणि विनोदवीर तिथे जाऊन कार्यक्रम करत.

‘म्युझिक व्हाइल यू वर्क’सारख्या कार्यक्रमांत वादक रोज प्रत्यक्ष वाजवत, त्यामागे करार होता. ध्वनिमुद्रिका आठवड्यात किती तास वाजवायच्या, यावर ध्वनिमुद्रिका कंपन्या व वादकांची संघटना यांनी मर्यादा घातली होती. त्यामुळे दिवसाचा मोठा भाग वाद्यवृंदांनी भरावा लागे. असंख्य वादकांना या निर्बंधाने काम दिले, आणि श्रोत्याला जिवंत वादन.

दुपार घराची असे. पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’ (१६ जानेवारी १९५० पासून) शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी पंधरा मिनिटांची गोष्ट व बडबडगीते देई. लगेच दोनला त्यांच्या आयांसाठी ‘वूमन्स अवर’ : जेवणाची भांडी धुऊन झालेली, थोरली मुले अजून शाळेत, अशी नेमकी वेळ. १९४६ मध्ये ही कल्पना आणणारे नॉर्मन कॉलिन्स लाइटचे नियंत्रक होते. गंमत म्हणजे पहिला निवेदक पुरुष होता. चारला ‘मिसेस डेल्स डायरी’ ही एका डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी लागे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पुनःप्रक्षेपण होई. पाचला होम सर्व्हिसवर ‘चिल्ड्रन्स अवर’.

पावणेसातची वेळ कॉलिन्स यांच्याच ‘डिक बार्टन’ या हेरकथेने गाजवली होती. १९५१ मध्ये ती जागा ‘द आर्चर्स’ला मिळाली. बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत शेतकऱ्यांनाही डिक बार्टनसारखे काहीतरी हवे, अशी सूचना पुढे आली. गॉडफ्री बेस्ली यांनी त्यावरून मालिका उभी केली. युद्ध संपले तरी शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते. धान्य-दूध वाढवणे ही राष्ट्रीय गरज होती, म्हणून शेतीचा सल्ला कुटुंबकथेत मिसळून दिला जाई. २२ सप्टेंबर १९५५ रोजी, व्यापारी दूरचित्रवाणीच्या उद्घाटनाच्याच रात्री, मालिकेतली ग्रेस आगीत दगावली आणि देश हळहळला.

रात्री नऊच्या बातम्यांखेरीज विनोद, नाटक आणि मैफली. ‘द गून शो’ (१९५१–६०) मधील बेताल आवाजांचे विश्व रचणारा स्पाइक मिलिगन हा आपल्या अहमदनगरचा. तिथे तो १९१८ मध्ये जन्मला आणि बालपणाचा काही काळ पुण्यात राहिला. थर्डवर २५ जानेवारी १९५४ रोजी डिलन टॉमस यांची ‘अंडर मिल्क वुड’ ही श्रुतिका सादर झाली. एका वेल्श गावाचा एक दिवस फक्त आवाजांतून उभा करणारी ही रचना रिचर्ड बर्टन यांच्या निवेदनासह ऐकली गेली. लेखक मात्र अडीच महिन्यांपूर्वीच वारला होता. श्रोते मोजके असणारी सेवा कशासाठी चालवायची, याला याहून सबळ उत्तर सापडणार नाही.

जून १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या राणीच्या राज्याभिषेकानंतर संध्याकाळ झपाट्याने दूरचित्रवाणीकडे गेली. १९५७ मध्ये थर्डचे तास कापण्यात आले. ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या सेवांची रेडिओ १ ते ४ अशी नवी विभागणी झाली. ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’ आणि ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ त्याच वर्षी बंद पडले. ‘वूमन्स अवर’ आणि ‘द आर्चर्स’ रेडिओ ४ वर आजही चालू आहेत.