परिचर्येच्या वाटेवरील पहिल्या विद्यार्थिनी

परिचारिकेच्या शिक्षणास निघालेल्या मुलीच्या मनात आज जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील पुष्कळसे शंभर वर्षांहून जुने आहेत. रक्त पाहून घेरी आली तर? शरीरशास्त्रातील बोजड शब्द ध्यानात राहतील काय? रात्रपाळीची जागरणे प्रकृतीस सोसतील काय? परंतु पुण्यात ज्या हिंदू स्त्रियांनी प्रथम ही वाट धरली, त्यांना भेडसावणारा सर्वांत मोठा प्रश्न रुग्णालयातला नव्हताच. तो रुग्णालयाच्या दाराबाहेरचा होता.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुणे सेवासदनाची स्थापना केली आणि १९११ च्या सुमारास तेथील विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. मुंबईत याचा आरंभ आधीच झाला होता. १८९१ साली काशीबाई गणपत यांनी तेथे हे शिक्षण घेतल्याची नोंद परिचर्येच्या इतिहासात आढळते. तथापि पांढरपेशा घरांना हा व्यवसाय हलकाच वाटे. रोग्याचे मलमूत्र काढावयाचे, जखमा धुवावयाच्या, परपुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, आणि तोही त्याची जात न विचारता! सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या स्त्रीला ही कल्पनाच असह्य होई. बाळंतिणीची खोली जेथे दहा दिवस विटाळाची, तेथे घरच्या लेकीने सुइणीचे काम शिकावे तरी कसे?

यातील विसंगती मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नसे. घरातील आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्ररात्र जागणारी विधवा आत्या किंवा काकू सर्वांना गृहीतच असे. तिच्या त्या कष्टांत कोणाला कमीपणा दिसत नसे. तीच सेवा रीतसर शिकून, वेतन घेऊन केली, की ती लाजिरवाणी ठरे. दोष सेवेचा नव्हता. स्त्रीच्या हाती येणाऱ्या पैशाचा आणि तिने उंबरठा ओलांडण्याचा होता.

सेवासदनाच्या एका स्नेहसंमेलनातील प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात सांगितला जातो. केशवपन केलेली एक बालविधवा, डोक्यावर पदर घेऊन, पारितोषिक स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर आली. तोच सज्जातील विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटून तिची टवाळी आरंभिली. समारोपास उठलेल्या रमाबाईंनी त्या तरुणांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. स्वतःस सुशिक्षित म्हणविणाऱ्यांना आपल्या दुर्दैवी भगिनीविषयी करुणा वाटू नये, याचा त्यांना संताप आला होता. टवाळी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. १८७३ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरी आल्यानंतर शिक्षणापायी घरातील बायकांचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले होते.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली, तेव्हा आरंभी अवघ्या पंधरा विद्यार्थिनी होत्या. त्या देशातही रुग्णालयातील दाईची प्रतिष्ठा बेताचीच होती. पुण्यातील विद्यार्थिनींना मात्र त्याखेरीज जातीचे आणि वैधव्याचे ओझेही वाहावे लागले.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. तोवर सेवासदनातून शिकलेल्या परिचारिका आणि सुइणी कामास लागल्या होत्या. ज्या घरांनी एके काळी नाके मुरडली, त्यांपैकी काहींत बाळंतपणासाठी त्यांनाच बोलावणे जाऊ लागले असेल, तर त्यात नवल नाही.