एका प्रमाणपत्राची पूर्वपीठिका

औद्योगिक वसाहतीतून जाताना कारखान्यांच्या फाटकांवर 'आयएसओ ९००१ मानांकित' अशा पाट्या दिसतात. २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांच्या भिंतींवरही 'आयएसओ मानांकित शाळा' ही अक्षरे झळकू लागली. एखाद्या विद्यार्थ्याने 'सर, आयएसओ म्हणजे काय?' असे विचारले तर काय सांगायचे? 'चांगली शाळा' हे उत्तर अपुरे आहे आणि खरे पाहता ते बरोबरही नाही. हे प्रमाणपत्र नेमकी कशाची ग्वाही देते हे समजून घ्यायचे, तर आपल्याला सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागेल.

टेलिफोनचा कारखाना आणि एक टिपण

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न येथील प्रचंड कारखाना टेलिफोनची सामग्री बनवीत असे. त्या काळी गुणवत्ता राखणे म्हणजे तयार माल तपासणे. चांगला नग पुढे जाई, वाईट नग बाजूला पडे. यात एक उघड दोष होता. वाईट नग हाती येईपर्यंत त्यावरचे साहित्य, श्रम आणि वेळ खर्च झालेला असे आणि तो वाईट का झाला हे कळत नसे.

या कंपनीत १९१८ साली वॉल्टर शूहार्ट नावाचा भौतिकशास्त्रज्ञ रुजू झाला. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना जेमतेम एका पानाचे टिपण पाठवले. त्या पानावर एक साधी आकृती होती. आज तिला आपण 'नियंत्रण आलेख' म्हणतो. ही आकृती म्हणजे आधुनिक गुणवत्ता नियंत्रणाची सुरुवात मानली जाते.

शूहार्टचा विचार एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका कापड गिरणीत दर ताग्यामागे सरासरी ९ दोष आढळतात. एके दिवशी एका ताग्यात १४ दोष निघाले. जॉबर कामगारावर ओरडला. दुसऱ्या दिवशी ६ दोष निघाले. ओरडल्याचा उपयोग झाला असे जॉबरला वाटले. वस्तुतः दोन्ही दिवशी काहीच वेगळे घडले नव्हते. सुताची जाडी, हवेतील आर्द्रता, साच्याची कंपने अशा असंख्य बारीक कारणांमुळे हा आकडा नेहमीच खालीवर होत असतो. मग खरोखरच काही बिघडले आहे असे केव्हा मानायचे? अशा मोजणीत सरासरीचे वर्गमूळ हे चढउताराचे माप धरता येते. ९ चे वर्गमूळ ३ आणि त्याची तिप्पट ९. म्हणून ९ उणे ९ म्हणजे ०, आणि ९ अधिक ९ म्हणजे १८, या आपल्या दोन मर्यादा झाल्या. १४ हा आकडा मर्यादेच्या आत आहे, तेव्हा कामगाराला बोल लावणे व्यर्थ. पण एखाद्या ताग्यात २२ दोष निघाले, तर मात्र साचा थांबवून कारण शोधलेच पाहिजे.

म्हणजे चढउतार दोन प्रकारचे असतात. काही त्या पद्धतीच्या अंगचे असतात. ते कमी करायचे तर पद्धतच बदलावी लागते, आणि ते काम व्यवस्थापनाचे असते. काही मात्र विशिष्ट कारणांनी उद्भवतात. ती कारणे शोधून दूर करता येतात. हे दोन प्रकार वेगळे न ओळखता केलेली धावपळ बहुधा नुकसानच करते.

जपान आणि भारत

शूहार्टचे विचार दूरवर नेले ते एडवर्ड्स डेमिंग यांनी. १९५० साली त्यांनी जपानमध्ये तेथील शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून व्याख्याने दिली. युद्धात होरपळलेल्या जपानी उद्योगांनी ती मनावर घेतली. व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन डेमिंग यांनी त्या संघटनेला देऊन टाकले आणि १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले.

ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिचा भारतीय धागा मात्र फारसा सांगितला जात नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. त्यांच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले. पुढे १९५४-५५ मध्ये जपानी अभियंते गेनिची तागुची याच संस्थेत अभ्यागत म्हणून राहिले. थोड्या प्रयोगांतून अनेक घटकांचा परिणाम तपासण्याची जी पद्धत तागुचींच्या नावाने जगभर गाजली, तिच्या मुळाशी असलेल्या लांबिक मांडण्यांची गणिती कल्पना सी. आर. राव यांनी त्याआधीच, १९४० च्या दशकात, मांडली होती. ज्ञान येथे होते, ते शिकवणारे येथे होते. परंतु १९९१ पर्यंत आपल्या बाजारपेठेला परकीय स्पर्धेपासून संरक्षण होते आणि ग्राहकाला फारसा पर्याय नव्हता. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणारा ग्राहक गुणवत्तेची तक्रार कोणाकडे करणार? त्यामुळे ते ज्ञान बव्हंशी पुस्तकांत आणि मोजक्याच कारखान्यांत राहिले.

मालाकडून पद्धतीकडे

दरम्यान दुसरा एक प्रवाह संरक्षण खात्यांतून येत होता. क्षेपणास्त्राचा प्रत्येक सुटा भाग तपासत बसणे लष्कराला शक्य नसते. म्हणून माल तपासण्याऐवजी पुरवठादाराची काम करण्याची पद्धतच तपासावी, असा विचार पुढे आला. अमेरिकी लष्कराने १९५९ साली तसे मानक काढले. १९७९ साली ब्रिटनने सर्व उद्योगांसाठी बीएस ५७५० हे मानक प्रसिद्ध केले. १९४७ पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९७९ मध्येच या विषयासाठी समिती नेमली आणि १९८७ साली आयएसओ ९००० ही मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यावर ब्रिटिश मानकाची छाप स्पष्ट होती.

येथे एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. भारतीय मानक संस्थेने १९५० च्या दशकात सुरू केलेला आणि १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोकडे आलेला 'आयएसआय' शिक्का वस्तूवर असतो. विजेची इस्त्री ठरलेल्या कसोट्यांना उतरते, असे तो सांगतो. आयएसओ ९००१ वस्तूविषयी काही सांगत नाही. कारखाना ठरवून दिलेल्या पद्धतीने चालवला जातो, एवढेच ते सांगते. शिवाय आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानके तयार करते. तपासणी आणि प्रमाणपत्र हे काम स्वतंत्र संस्था करतात.

कारखान्यात काय घडते?

१९९१ नंतर निर्यात करू पाहणाऱ्या भारतीय कंपन्यांकडे परदेशी ग्राहक हे प्रमाणपत्र मागू लागले. एखाद्या कंपनीला त्यासाठी तयार करायचे म्हणजे काय करायचे? प्रथम, प्रत्यक्ष काम कसे चालते आणि मानकाची अपेक्षा काय, यांतील तफावत शोधायची. मग कोणी, काय, कसे करायचे हे लिहून काढायचे. मोजमापाच्या साधनांचे अंशशोधन करायचे. कार्यशाळेतील व्हर्नियर कॅलिपर ज्या प्रमाण ठोकळ्यांशी ताडून पाहिला, ते ठोकळे त्याहून अचूक साधनाशी, आणि अशी साखळी अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील प्रमाणांपर्यंत पोहोचली पाहिजे. कंपनीतील माणसांनीच एकमेकांच्या विभागांची तपासणी करायची. चूक आढळली तर केवळ ती दुरुस्त करून थांबायचे नाही, तर तिचे मूळ शोधायचे. एवढे झाल्यावर बाहेरचे परीक्षक येतात. प्रमाणपत्र सामान्यतः तीन वर्षांचे असते आणि दरम्यान दरवर्षी पाहणी होते.

यात एक धोका दडलेला होता. १९९४ च्या आवृत्तीत वीस कलमे होती आणि भर लेखी कार्यपद्धतींवर होता. 'जे करता ते लिहा आणि जे लिहिले ते करा' हा त्या काळचा मंत्र. पण पटकन मोडणारे खडू अगदी ठरलेल्या पद्धतीने, नोंदी ठेवून बनवणारा कारखानाही या मंत्रात बसू शकतो! परीक्षक येण्याच्या आदल्या रात्री रजिस्टरे भरण्याची कला आपल्याकडे कारखान्यांनीही चांगलीच आत्मसात केली. २००० च्या आवृत्तीने म्हणूनच सक्तीच्या लेखी कार्यपद्धती सहांवर आणल्या आणि ग्राहकाचे समाधान व सततची सुधारणा यांवर भर दिला. २०१५ च्या आवृत्तीने ती सहांची सक्तीही काढली आणि संभाव्य धोक्यांचा आधीच विचार करण्यास सांगितले. म्हणजे फिरून मानक शूहार्टच्याच प्रश्नाजवळ येत गेले : तुमच्या पद्धतीत काय घडते आहे, हे तुम्हांला मोजून माहीत आहे काय?

आणि शाळा?

शाळांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. रंगवलेल्या भिंती, नीट लावलेल्या फायली, स्वच्छ पाणी हे सारे हवेच. अनेक गावांनी लोकवर्गणी काढून ते उभे केले, ही कौतुकाची गोष्ट आहे. पण शाळेतील काम म्हणजे मुलांचे शिकणे. ते मोजण्याची आणि सुधारण्याची काही पद्धत शाळेपाशी नसेल, तर पाटीला फारसा अर्थ उरत नाही. शैक्षणिक संस्थांसाठी आयएसओ २१००१ हे स्वतंत्र मानक २०१८ साली निघाले, परंतु त्यालाही हीच गोष्ट लागू पडते.

शूहार्टचा आलेख मात्र कोणत्याही प्रमाणपत्राविना शाळेत वापरता येतो. दर आठवड्याच्या श्रुतलेखनात साऱ्या वर्गाच्या मिळून किती चुका झाल्या, ते वीस आठवडे आलेखावर मांडा आणि मर्यादा काढा. एखाद्या आठवड्यात चुका थोड्या वाढल्या म्हणून वर्गाला रागावण्यापूर्वी तो बिंदू मर्यादेच्या आत आहे का ते पाहा. आत असेल, तर मुलांना बोलून काही साधणार नाही. शिकवण्याची रीतच बदलून पाहावी लागेल. बाहेर गेला असेल, तर त्या आठवड्यात गावची जत्रा होती, तापाची साथ होती की धडाच अवघड होता, हे शोधायला हवे. हा आलेख विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतला, तर गणिताच्या तासालाही एक चांगला विषय मिळेल आणि 'आयएसओ म्हणजे काय?' या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.