संगणक दहा अंक सोडून फक्त ० आणि १ का वापरतो?

‘संगणकाला फक्त ० आणि १ कळतं’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. खरं तर त्याला तेही कळत नाही. चिपमध्ये असतं ते फक्त व्होल्टेज. त्याला ० किंवा १ म्हणायचं हे आपण ठरवलं.

दशमान संगणक झालेच नाहीत असं मात्र नाही. अमेरिकेत १९४५ साली पूर्ण झालेला एनिॲक दशमानच होता. त्यात एका अंकासाठी दहा स्विचसारख्या सर्किटांची साखळी असे; दहापैकी जे चालू, तो अंक. म्हणजे दहा सर्किटं खर्च करून मोजता येणार ० ते ९. तीच दहा द्विमान पद्धतीने वापरली तर ० ते १०२३ मोजता येतं! सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब असलेल्या आणि त्या सारख्या जळणाऱ्या यंत्रात ही उधळपट्टीच होती.

मग एकाच तारेवर व्होल्टेजच्या दहा पातळ्या का नाहीत? ५ व्होल्टचे दहा भाग केले तर प्रत्येक अंकाला जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. चिप थोडी तापली, शेजारच्या तारेचा त्रास झाला, की ६ चा ७ होणार. जुन्या टीटीएल चिपमध्ये ०.८ व्होल्टच्या आत ० आणि २ व्होल्टच्या वर १ धरत. मधली जागा मुद्दाम मोकळी. शिवाय प्रत्येक सर्किट आलेला मळकट सिग्नल पुन्हा स्वच्छ करून पुढे पाठवतं, त्यामुळे कोट्यवधी पायऱ्यांनंतरही चूक साचत नाही. माझ्या मते खरं कारण हेच.

(तुमच्या फोनच्या स्टोरेजमध्ये एका सेलमध्ये ८ पातळ्याही असू शकतात, पण तिथे चुका दुरुस्त करणारी वेगळी यंत्रणा लागते.)

द्विमानाची किंमतही आहे. दशमानात १/३ जसा कधीच संपत नाही, तसा द्विमानात ०.१ संपत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो. अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि हा ०.१ तिथे २४ बिटांत तोडलेला होता. सुमारे १०० तास सलग चालल्यावर फरक ०.३४ सेकंदांवर गेला. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरानवर आलेलं इराकी स्कड तिला अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोहोचलं दुसऱ्या दिवशी.